वऱ्हाडचा सूर्य आणि साइनचा आलेख

दहावीची परीक्षा संपली की आपल्या वसतिगृहातील बहुसंख्य मुलामुलींचा गणिताशी असलेला संबंध संपतो, असा आमचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. गुण वाईट असतात असे नाही. परंतु अकरावीला विज्ञान शाखेचा अर्ज भरताना हात मागे येतो. कारण विचारले तर ‘पुढे त्रिकोणमिती फार आहे’ असे उत्तर मिळते. त्यातही ज्या प्रकरणाचा धसका सर्वाधिक, ते म्हणजे साइन आणि कोसाइन या फलनांचे बदललेले आलेख. चार अक्षरे घातलेले एक सूत्र समोर येते, त्यावर वळणे घेणारी एक रेषा काढायची असते आणि ती रेषा कशासाठी काढायची हे कोणी सांगत नाही. शेतमजुराच्या किंवा गिरणीतून कमी झालेल्या कामगाराच्या घरात हे समजावून सांगणारे माणूस नसते. परिणामी, मूल हे ज्ञान आपले नव्हे असे ठरवून मोकळे होते.

आम्ही इतिहासाचे अध्यापक असलो तरी या स्मरणिकेसाठी हाच विषय निवडला, त्याचे कारण हा निर्णय केवळ गणिताचा नाही. कोणते ज्ञान कोणाचे, हा प्रश्न आपल्या समाजाच्या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न राहिला आहे. प्रस्तुत लेखात हे प्रकरण आम्ही अमरावती आणि अकोला येथील आकाश, सावली, चंद्र आणि वीज यांच्या आधारे मांडणार आहोत. वाचताना विद्यार्थ्यांनी आलेख कागद व पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती.

१. मूळ वक्र

एक एकक त्रिज्येचे वर्तुळ काढा. त्याच्या परिघावरून एक बिंदू उजवीकडच्या टोकापासून निघून घड्याळाच्या उलट दिशेने फिरू लागला आहे, असे समजा. तो जितक्या अंशांतून फिरला ते अंश आडव्या क्ष-अक्षावर मांडावयाचे आणि आडव्या व्यासापासून तो किती उंचीवर आहे ते उभ्या य-अक्षावर मांडावयाचे. ० अंशाला उंची ०, ३० अंशाला ०.५, ९० अंशाला १, १८० अंशाला पुन्हा ०, २७० अंशाला उणे १ आणि ३६० अंशाला परत ०. हे बिंदू सलग जोडले की जो वक्र मिळतो तोच य = साइन क्ष या फलनाचा आलेख होय. पुढे बिंदू दुसरी फेरी मारतो आणि वक्र स्वतःची पुनरावृत्ती करतो. म्हणून हे आवर्ती फलन आहे व त्याचा आवर्तकाल ३६० अंश आहे.

या वक्राचे पाच बिंदू पाठ असले की काम भागते : प्रारंभ (०), शिखर (१), मध्य (०), तळ (उणे १) आणि शेवट (०). हे बिंदू एका आवर्तनाच्या समान चतुर्थांशांवर येतात. पुढचे सर्व आलेख याच पाच बिंदूंना हलवून मिळतात.

२. चार संख्या, चार बदल

बदललेल्या आलेखाचे सर्वसाधारण रूप असे लिहिता येते :

य = अ × साइन [ब (क्ष − क)] + ड

यातील चार संख्यांचे काम वेगवेगळे आहे.

‘अ’ हा आयाम. वक्र मध्यरेषेपासून वर आणि खाली किती जातो ते तो ठरवतो. अ ऋण असेल तर वक्र उलटा होतो, म्हणजे शिखराच्या जागी तळ येतो.

‘ब’ आवर्तन ठरवतो. आवर्तकाल = ३६० ÷ ब. ब मोठा झाला की लाटा दाटीने येतात, लहान झाला की लांबतात.

‘क’ हे आडवे सरकणे आहे. क धन असेल तर संपूर्ण वक्र उजवीकडे सरकतो.

‘ड’ मध्यरेषेची पातळी ठरवतो. मूळ वक्राची मध्यरेषा क्ष-अक्षावर असते. ती आता ‘ड’ या उंचीवर जाते.

एक उदाहरण घेऊ : य = ३ साइन (२क्ष − ६०°) + १. येथे विद्यार्थ्यांचा हटकून होणारा गोंधळ म्हणजे वक्र ६० अंशांनी सरकला असे मानणे. कंसातून प्रथम २ बाहेर काढावा : २ (क्ष − ३०°). म्हणजे सरकणे ३० अंशांचे आहे. आवर्तकाल ३६० ÷ २ = १८० अंश, त्याचा चतुर्थांश ४५ अंश. मध्यरेषा य = १ वर, आयाम ३. आता पाच बिंदू आपोआप मिळतात : ३० अंशाला १, ७५ अंशाला ४, १२० अंशाला १, १६५ अंशाला उणे २ आणि २१० अंशाला १. मध्यरेषा तुटक काढावी, पाच बिंदू मांडावेत आणि हात न अडखळता गोलाईने जोडावेत. शिखरावर टोकदार कोपरा येता कामा नये.

क्रम लक्षात ठेवावा : आधी मध्यरेषा, मग आयाम, मग आवर्तकाल, शेवटी प्रारंभबिंदू. या क्रमाने गेले तर कोणताही आलेख पाच मिनिटांत उभा राहतो. तथापि आलेख काढता येणे आणि आलेख कशाचा आहे हे कळणे, या दोन गोष्टी आहेत. दुसरीसाठी आता आपल्या गावाकडे वळू.

३. अमरावतीचा दिवस

अमरावती शहर सुमारे २०.९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस २१ जूनच्या सुमारास असतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत तो सुमारे १३ तास २४ मिनिटांचा, म्हणजे ८०४ मिनिटांचा भरतो. सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास, सुमारे १० तास ५२ मिनिटांचा, म्हणजे ६५२ मिनिटांचा. एवढ्या दोन संख्यांवरून आपल्याला अ आणि ड दोन्ही काढता येतात.

मध्यरेषा म्हणजे दोहोंची सरासरी : (८०४ + ६५२) ÷ २ = ७२८ मिनिटे. आयाम म्हणजे दोहोंतील फरकाचा अर्धा : (८०४ − ६५२) ÷ २ = ७६ मिनिटे. आवर्तकाल एक वर्ष, म्हणजे ३६५ दिवस; म्हणून ब = ३६० ÷ ३६५, जवळजवळ दररोज एक अंश. दिवस मध्यरेषेवरून वर चढू लागतो तो २१ मार्चच्या सुमारास, म्हणजे १ जानेवारीपासून मोजल्यास वर्षाच्या ८० व्या दिवशी; म्हणून क = ८०. वर्षाचा कितवा दिवस ते ‘न’ मानल्यास सूत्र असे होते :

दिवसाची लांबी (मिनिटांत) = ७२८ + ७६ × साइन [(३६०/३६५)° × (न − ८०)]

येथे चौकस विद्यार्थी विचारील की मध्यरेषा बरोबर १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची का नाही? याला दोन कारणे आहेत. सूर्याच्या बिंबाची वरची कड दिसली की आपण सूर्योदय मानतो आणि तीच कड बुडाली की सूर्यास्त. बिंबाचा मध्य आपण धरत नाही. शिवाय वातावरण प्रकाशाला वाकवते, त्यामुळे सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली असतानाही आपल्याला दिसतो. ही सात-आठ मिनिटे ‘ड’ या एका संख्येत येऊन बसली आहेत.

आता दोन परिचित तारखा तपासू. १४ एप्रिल हा वर्षाचा १०४ वा दिवस. १०४ − ८० = २४; कोन सुमारे २३.७ अंश, त्याचे साइन ०.४०. ७६ × ०.४० म्हणजे सुमारे ३० मिनिटे. म्हणून भीमजयंतीचा दिवस सूत्रानुसार ७५८ मिनिटांचा, १२ तास ३८ मिनिटांचा येतो. प्रत्यक्षात तो सुमारे १२ तास ३६ मिनिटांचा असतो. कागदावरील एका ओळीने केलेले भाकीत दोन मिनिटांच्या आत खरे ठरते.

धम्मदीक्षेची तारीख १४ ऑक्टोबर, वर्षाचा २८७ वा दिवस. २८७ − ८० = २०७; कोन सुमारे २०४ अंश; साइन उणे ०.४१. सूत्र सांगते सुमारे ११ तास ३७ मिनिटे. प्रत्यक्षात दिवस सुमारे ११ तास ४२ मिनिटांचा असतो. येथे पाच मिनिटांचा फरक पडला. हा फरक का पडतो, ते सातव्या भागात पाहू. फरक लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे, एवढेच तूर्त ध्यानात घ्यावे.

या आलेखातून आणखी एक गोष्ट दिसते. मध्यरेषेपाशी वक्र सर्वांत तीव्र चढतो. मार्चमध्ये आपल्याकडे दिवस दररोज सव्वा मिनिटाहून अधिक वाढतो. शिखरापाशी वक्र जवळजवळ सपाट असतो; जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस वाढला की घटला ते कळतही नाही.

आयामाचा अर्थ पाहावयाचा तर इतर गावे घ्यावीत. कन्याकुमारीला हाच आयाम सुमारे २८ मिनिटे आहे, श्रीनगरला सुमारे सव्वादोन तास. आवर्तकाल सर्वत्र तोच, प्रारंभबिंदू तोच. विषुववृत्तापासून दूर जावे तसा फक्त ‘अ’ वाढत जातो. विषुववृत्ताच्या दक्षिणेस गेल्यास ‘अ’ ऋण होतो आणि आपल्या मोठ्या दिवसाच्या जागी तेथे लहान दिवस येतो.

४. दुपारची सावली : ऋण चिन्हाचा अर्थ

सूत्रात ऋण आयाम आला की विद्यार्थी तो नियम म्हणून पाठ करतात. त्याचा अर्थ वसतिगृहाच्या मैदानावर दिसू शकतो. एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवावी. भर माध्यान्ही सूर्य डोक्यावरील बिंदूपासून दक्षिणेकडे किती अंश कललेला आहे, याला ‘स’ म्हणू. अमरावतीसाठी :

स = २०.९° − २३.४° × साइन [(३६०/३६५)° × (न − ८०)]

येथे मध्यरेषा २०.९, म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. आयाम २३.४, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचा कल. चिन्ह ऋण, कारण सूर्य उत्तरेकडे जसा सरकतो तसे त्याचे दक्षिणेकडील अंतर घटते. म्हणजे दिवसाची लांबी वर चढत असते तेव्हा ‘स’चा वक्र खाली उतरत असतो. दोन्ही आलेख एकाच कागदावर काढल्यास एक दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब दिसते.

काठीच्या सावलीची लांबी सेंटिमीटरमध्ये १०० × टॅन स एवढी येते. २२ डिसेंबरला स सुमारे ४४.३ अंश, सावली सुमारे ९८ सेंटिमीटर, जवळजवळ काठीएवढीच. २१ मार्चला सावली सुमारे ३८ सेंटिमीटर. २१ जूनला स उणे २.५ अंश येतो. या उणे चिन्हाचा अर्थ असा की सूर्य डोक्यावरून ओलांडून उत्तरेकडे गेला आहे आणि काठीची चार सेंटिमीटरांची सावली आता दक्षिणेकडे पडते आहे. वर्षभर उत्तरेकडे पडणारी दुपारची सावली काही आठवडे दिशा बदलते, हे वऱ्हाडात राहूनही कित्येकांनी पाहिलेले नसते.

वक्र क्ष-अक्षाला छेदतो तेथे स शून्य होतो आणि काठीला सावलीच उरत नाही. साइनचे मूल्य २०.९ ÷ २३.४, म्हणजे ०.८९ व्हावयास हवे. हे वर्षातून दोनदा घडते : अमरावतीत २४-२५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर. जुलैत आभाळ भरलेले असते. मे महिन्यात शाळेला सुटी असते. म्हणून हा प्रयोग प्रत्येकाने आपापल्या गावी करावा, हेच उचित. विदर्भातील शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात; तेव्हा ढगांनी सवड दिली तर दक्षिणेकडे पडणारी सावली मैदानावरही पाहता येईल.

५. अकोला आणि अमरावती : आडवे सरकणे

अकोला अमरावतीपेक्षा किंचित दक्षिणेस आणि सुमारे पाऊण अंश पश्चिमेस आहे. अक्षांशातील फरक इतका अल्प की दिवसाच्या लांबीच्या आयामात एका मिनिटाचाही फरक पडत नाही. पश्चिमेकडील पाऊण अंशाचा परिणाम मात्र घड्याळात दिसतो. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. म्हणून पाऊण अंशाला ३ मिनिटे. एका दिवसातील सूर्याच्या उंचीचा आलेख अमरावतीसाठी काढला आणि तोच अकोल्यासाठी काढला, तर दुसरा वक्र ३ मिनिटे उजवीकडे सरकलेला असेल. सूर्योदय, माध्यान्ह आणि सूर्यास्त, सारेच अकोल्यात सुमारे ३ मिनिटे उशिरा.

भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरली जाते. अमरावती त्या रेषेपासून सुमारे ४.७५ अंश पश्चिमेस, म्हणजे १९ मिनिटे मागे. अकोला सुमारे ५.५ अंश, म्हणजे २२ मिनिटे मागे. म्हणून शाळेच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे खरी माध्यान्ह झालेली नसते. सरासरीने ती अमरावतीत १२ वाजून १९ मिनिटांनी व अकोल्यात १२ वाजून २२ मिनिटांनी होते आणि वर्षभरात सुमारे पाव तासाने मागेपुढे होते. सावली मोजताना घड्याळावर विसंबू नये. सावली सर्वांत आखूड होईल तो क्षण धरावा.

६. उपोसथाचा चंद्र आणि थ्री फेज वीज

आपल्या विद्यालयात पौर्णिमेला सामूहिक वंदना होते. पौर्णिमा, अमावास्या आणि अष्टमी हे उपोसथाचे दिवस भिक्खुसंघाच्या परंपरेत प्राचीन काळापासून पाळले जात आले आहेत. चंद्रबिंबाचा किती भाग उजळला आहे, याचाही आलेख साइनच्या कुळातीलच आहे. अमावास्येपासून गेलेले दिवस ‘त’ मानल्यास :

उजळलेला भाग = ०.५ − ०.५ × कोसाइन [(३६०/२९.५३)° × त]

कोसाइनचा वक्र म्हणजे ९० अंश डावीकडे सरकलेला साइनचा वक्रच होय. येथे मध्यरेषा अर्ध्यावर, आयाम अर्धा, आवर्तकाल २९.५३ दिवस आणि ऋण चिन्हामुळे प्रारंभ तळापासून. चौथ्या दिवशी सुमारे १७ टक्के बिंब उजळते, सुमारे साडेसातव्या दिवशी अर्धे, अकराव्या दिवशी सुमारे ८५ टक्के आणि पंधराव्या दिवसाच्या सुमारास संपूर्ण. तळ, मध्य, शिखर, मध्य : अमावास्या, अष्टमी, पौर्णिमा, अष्टमी. उपोसथाचे चारही दिवस आलेखाच्या मुख्य बिंदूंवर येतात.

३६० ला २९.५३ ने भागल्यास सुमारे १२ अंश येतात. सूर्य आणि चंद्र यांच्यातील कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. तिथी हे कोनाचे माप आहे. पंचांगकर्ता ती गणिताने काढतो आणि त्याचे ते गणित बरोबर असते. परंतु अमुक तिथी शुभ आणि तमुक अशुभ, ही गोष्ट त्या गणितातून निघत नाही. वक्रावर शिखर असते, तळ असतो. शुभ बिंदू आणि अशुभ बिंदू नसतात. आपल्या आईवडिलांच्या आईवडिलांना लग्नासाठी, घरासाठी, पेरणीसाठी ज्यांच्या दारी दिवस विचारण्यास जावे लागे, त्यांच्यापाशी असलेले गणित आज नववी-दहावीचे मूल आलेख कागदावर मांडू शकते. हे मूल गणित शिकते तेव्हा त्याच्या हाती काय येते, हे यावरून ध्यानात यावे.

विजेचे उदाहरण तर शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात बोलले जाते. ‘थ्री फेज आली का?’ हा प्रश्न रब्बीच्या ओलितात रात्री-बेरात्री विचारला जातो. घरातील बोर्डावर येणारी २३० व्होल्टची वीज स्थिर नसते. तिचा दाब साइन वक्राप्रमाणे सेकंदाला ५० आवर्तने करतो. आयाम सुमारे ३२५ व्होल्ट, आवर्तकाल ०.०२ सेकंद, मध्यरेषा शून्य. २३० ही त्या लाटेची परिणामी किंमत आहे. थ्री फेज म्हणजे असे तीन समान वक्र, एकमेकांपासून १२० अंशांनी, म्हणजे आवर्तनाच्या एक-तृतीयांशाने सरकलेले. तिन्हींत अ, ब आणि ड तेच. वेगळा आहे तो केवळ ‘क’. तीन रंगांच्या पेन्सिलींनी हे वक्र काढावेत आणि कोणत्याही क्षणी तिन्ही उंचींची बेरीज करावी. ती शून्यच येते. एक वक्र शून्यावर असतो तेव्हा उरलेल्या दोहोंपैकी एक ०.८७ वर व दुसरा उणे ०.८७ वर असतो. लाटा अशा सरकलेल्या असल्यामुळेच विहिरीवरील मोटरपंपाला सतत एका दिशेने फिरण्याचे बळ मिळते. अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक केंद्रात निर्माण होणारी वीजही याच तीन वक्रांच्या रूपाने तारांतून वाहते.

७. आलेख कोठे अपुरा पडतो

सूत्र हाती आले की सर्व काही त्यात बसवण्याचा मोह होतो, तो आवरला पाहिजे. १४ ऑक्टोबरचा पाच मिनिटांचा फरक घ्या. साइन वक्र वर्षाचे दोन समान भाग करतो. परंतु पृथ्वीची कक्षा अचूक वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे. जानेवारीत ती सूर्याच्या सर्वांत जवळ असते व वेगाने धावते. त्यामुळे २१ मार्च ते २३ सप्टेंबर हा काळ सुमारे १८६ दिवसांचा आणि उरलेला काळ सुमारे १७९ दिवसांचा होतो. आपला वक्र २० सप्टेंबरलाच मध्यरेषेवर उतरतो, खरा दिवस तेथे काही दिवसांनी पोहोचतो.

अकोल्याचे तापमान हे याहून ठळक उदाहरण. जानेवारीपासून मेपर्यंत पारा चढतो, म्हणून वर्षाचे तापमानही साइन वक्रावर बसेल असे वाटते. परंतु जूनमध्ये पाऊस येतो आणि पारा एकदम उतरतो; पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये दुपारचे ऊन पुन्हा तापते आणि मग हिवाळा लागतो. एका वर्षात दोन चढ असलेला हा आलेख एका साइन वक्राने दाखवता येत नाही. सूत्राशी वास्तव जुळले नाही तर सूत्र बदलावे. वास्तवाला दोष देऊ नये. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी केलेला उपदेश याच वृत्तीचा आहे. परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा आदरणीय व्यक्तीने सांगितले, एवढ्यावरून काही स्वीकारू नये. स्वतः पारखून घ्यावे. गणिताच्या अध्यापकाने फळ्यावर लिहिलेले सूत्रही याला अपवाद नाही.

८. ‘ज्या’ ते ‘साइन’

साइन हा शब्द परका वाटतो, त्याचा प्रवास मात्र आपल्या भूमीतून झाला आहे. ग्रीक ज्योतिर्विद वर्तुळातील पूर्ण जीवेची कोष्टके करीत. इ.स. ४९९ मधील ‘आर्यभटीय’ या ग्रंथात आर्यभटाने अर्ध्या जीवेचे, म्हणजे अर्धज्येचे कोष्टक दिले. त्रिज्या ३४३८ कला मानून ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ मूल्ये त्यात येतात. ३० अंशाची ज्या १७१९, म्हणजे त्रिज्येच्या बरोबर निम्मी. ‘ज्या’चा पर्याय ‘जीवा’ अरबीत ‘जिबा’ म्हणून गेला. अरबी लिपीत स्वर लिहिले जात नसल्यामुळे तो पुढे ‘जैब’ असा वाचला गेला आणि जैब म्हणजे वस्त्राचा खोळ किंवा उराकडील घडी. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याच अर्थाचा ‘सायनस’ शब्द योजला व त्याचा साइन झाला. एका भाषेतून दुसरीत जाताना झालेल्या चुकीच्या वाचनावर आज सारे जग चालते. ज्ञानाला कोणा एका जातीचे, धर्माचे किंवा देशाचे कुंपण टिकत नाही, याचा याहून सोपा पुरावा शोधण्याची गरज नाही.

हे ज्ञान आपल्या परिसरात मोजणीच्या रूपाने आले. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्रिकोणांची साखळी जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि २० जानेवारी १८२३ रोजी शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम चालवले. सुमारे अर्ध्या टनाचा कोनमापक डोंगरमाथ्यांवर चढवणाऱ्या, झेंडे धरून उभे राहणाऱ्या मजुरांची नावे इतिहासग्रंथांत सहसा आढळत नाहीत. यंत्र वाहणारे हात आणि कोन वाचणारे डोळे तेव्हा वेगळ्या माणसांचे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. अर्थशास्त्र व कायदा यांत पारंगत असलेल्या त्या महापुरुषाने आपल्या मुलांसाठी विज्ञानाचे दार पहिल्याच वर्षी उघडले, यात जो संकेत आहे तो आपण ओळखला पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांनी यंत्र वाहिले, त्यांच्या मुलांनी कोन वाचावेत आणि आलेखही काढावा.

९. वर्षभराचा उपक्रम

म्हणून आम्ही विद्यालयासमोर एक साधा उपक्रम ठेवत आहोत. मैदानाच्या मोकळ्या भागात एक मीटरची काठी ओळंब्याने पक्की रोवावी. दर रविवारी आठवी ते दहावीच्या दोन विद्यार्थ्यांनी साडेअकरापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खुणेने नोंदवावे. सर्वांत आखूड सावलीची लांबी, दिशा आणि वेळ वहीत लिहावी. ढगाळ दिवशी ‘ढग’ एवढेच लिहावे; अंदाजाने आकडा भरू नये. सुटीत प्रत्येकाने आपल्या गावी हेच करावे. वर्षाअखेरीस साधारण चाळीस बिंदू मिळतील. ते आलेख कागदावर मांडावेत, सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान कोनांवरून मध्यरेषा आणि आयाम काढावा. मध्यरेषा आपल्या गावाचा अक्षांश सांगेल, आयाम पृथ्वीचा कल सांगेल. भूगोलाच्या पुस्तकात छापलेल्या या दोन संख्या विद्यार्थ्यांनी स्वतः एका काठीने आणि मोजपट्टीने मिळवलेल्या असतील. त्यांची संख्या पुस्तकाहून अर्धा अंश इकडेतिकडे आली तरी ती त्यांची असेल आणि ती का चुकली हे त्यांना सांगता येईल.

या उपक्रमाला खर्च नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती नियमितता. आणि निवासी विद्यालयाजवळ ती भरपूर आहे. मुलींच्या वसतिगृहानेही स्वतंत्र काठी रोवावी व दोन्ही नोंदवह्यांची वर्षाअखेरीस तुलना करावी.

विद्यार्थी मित्रांनो, अ, ब, क, ड या चार अक्षरांना घाबरून विज्ञानाचा अर्ज कोरा ठेवू नका. त्यातील एक तुमच्या गावाच्या अक्षांशाशी जोडलेले आहे, एक वर्षाच्या दिवसांशी, एक तुमच्या घड्याळाशी आणि एक पृथ्वीच्या कलण्याशी. अकरावीच्या वर्गात हे प्रकरण येईल तेव्हा मैदानावरील आपली वही सोबत न्या. पालकांनाही आमचे सांगणे आहे की मुलगी किंवा मुलगा दुपारच्या उन्हात काठीपाशी बसलेला दिसला तर त्याला कामाला हाक मारण्यापूर्वी पाच मिनिटे थांबावे. त्याची नोंद पूर्ण होऊ द्यावी.

नमो बुद्धाय! जय भीम!